फोल्डर गायब झालाय? चला, दोघं मिळून शोधू

सकाळी कॉम्प्युटर चालू केलात आणि डॉक्युमेंट्सचा फोल्डर जागेवर नाही. किंवा डाउनलोड्स दिसत नाही, किंवा डेस्कटॉप एकदम कोराच. पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. पण आधी खुर्चीत नीट टेकून बसा. असा फोल्डर बहुतेक वेळा पुसला गेलेला नसतो, कुठेतरी सरकलेला किंवा लपलेला असतो. आपण त्याला क्रमाने शोधणार आहोत. क्रम मात्र मोडायचा नाही, कारण पुढची पायरी आधी केली तर मागचा धागा हातून सुटतो.

हे सगळं विंडोज १० आणि विंडोज ११ साठी आहे. जवळ एक कागद, एक पेन आणि रिकामा पेनड्राइव्ह ठेवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून टाका.

आधी हात आवरा

१. सगळं नवं काम थांबवा. डाउनलोड नको, कॉपी-पेस्ट नको, कुठलंही 'क्लीनर' सॉफ्टवेअर तर मुळीच नको. फोल्डर खरोखर पुसला गेला असेल, तर त्याच्या जागी काही नवं लिहिलं गेलं की तो परत मिळणं अवघड होतं.

२. फोल्डर आत्ताच, तुमच्या डोळ्यांसमोर गेला असेल तर कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा. माऊस घसरून फोल्डर शेजारच्या फोल्डरात पडला असेल, तर तो उडी मारून परत येतो. एकदाच दाबा आणि बघा. धडाधड दाबत सुटलात तर सकाळपासून केलेली बाकीची कामंही उलटी फिरतील.

३. स्क्रीनवर कुठे 'टेम्पररी प्रोफाइल' असा मजकूर दिसतो का, ते पाहा. डेस्कटॉपचं चित्र बदललंय, सगळं नव्या कोऱ्या कॉम्प्युटरसारखं दिसतंय, तर हीच शक्यता मोठी. असं असेल तर काहीही सेव्ह न करता कॉम्प्युटर रिस्टार्ट करा. तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये ठेवलेली फाइल साइन आउट करताच जाते. दोन-तीनदा रिस्टार्ट करूनही तेच दिसलं तर मात्र जाणकाराला बोलवा, आणि त्याला आधी पायरी ५ मधला तुमच्या नावाचा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायला सांगा.

घरात कोण कोण आहे ते मोजा

४. कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा. फाइल एक्सप्लोरर उघडेल.

५. डावीकडे 'धिस पीसी' निवडा, मग सी ड्राइव्ह, मग 'यूजर्स', आणि त्यात तुमच्या नावाचा फोल्डर उघडा. इथे नाव अर्धवट दिसलं तर दचकू नका. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने विंडोज सुरू केलं असेल, तर इथे सहसा ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरंच असतात.

६. कागदावर सहा नावं लिहा: डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, म्युझिक, पिक्चर्स, व्हिडिओज.

७. समोर दिसतंय त्या नावापुढे खूण करा. ज्याच्यापुढे खूण नाही, तोच आपला हरवलेला. ही पायरी गाळू नका. पुष्कळदा फोल्डर इथे सुखरूप बसलेला असतो आणि फक्त डावीकडच्या पट्टीतून त्याचं नाव गेलेलं असतं.

८. फोल्डर इथे सापडला तर त्यावर राइट क्लिक करून 'पिन टू क्विक ॲक्सेस' निवडा. तो पट्टीत परत येईल आणि तुमचं काम इथेच संपलं. डेस्कटॉपचा फोल्डर इथे भरलेला आहे पण स्क्रीन कोरा आहे, तर थेट पायरी २६ वर जा.

९. डावीकडच्या नावावर क्लिक केल्यावर 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल' असा संदेश येत असेल, तर त्यातलं पहिलं अक्षर वाचा. ते सी नसून डी, ई किंवा एफ आहे का? मग तो फोल्डर कुणीतरी दुसऱ्या डिस्कवर हलवलेला आहे. ती बाहेरची हार्ड डिस्क जोडा. ओके दाबून संदेश घालवायची घाई करू नका, पत्ता आधी कागदावर उतरवून घ्या.

लपलाय का ते बघा

१०. विंडोज ११ असेल तर वरच्या पट्टीतलं 'व्ह्यू', मग 'शो', मग 'हिडन आयटम्स' निवडा. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच 'हिडन आयटम्स'ची चौकट आहे, तिथे टिक करा.

११. आता फिकट, धुतल्यासारख्या पिवळ्या रंगाचे फोल्डर शोधा. ते लपवलेले असतात. त्यात 'ॲपडेटा' नावाचाही दिसेल. तो लपलेलाच असतो आणि तसाच राहू द्यायचा. सी ड्राइव्हवरचा 'प्रोग्रामडेटा'ही असाच.

१२. हरवलेला फोल्डर फिकट रंगात दिसला तर त्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा.

१३. खालच्या 'हिडन' या चौकटीतली टिक काढा आणि ओके दाबा. आतल्या फाइल्सनाही हेच लागू करायचं का, असं विंडोज विचारेल. आतल्या सगळ्या फोल्डर-फाइल्सचा पर्याय निवडा, नाहीतर फोल्डर दिसेल आणि आत सगळं लपलेलंच राहील.

'हिडन'ची चौकट राखाडी असेल आणि टिक निघतच नसेल, तर फोल्डरवर 'सिस्टम'चा शिक्काही बसलेला आहे. बाहेरच्या कॉम्प्युटरला लावून आणलेल्या पेनड्राइव्हवरचे फोल्डर व्हायरसने लपवले की नेमकं हेच होतं. प्रिंट काढायला पेनड्राइव्ह देऊन आलेल्या कित्येकांनी हे बघितलं असेल. त्यावर कमांडचा उपाय आहे, आणि तो दिसतो तितका अवघड नाही. अशी अडचण नसेल तर पायरी १८ वर चला.

१४. 'फोल्डर ऑप्शन्स' उघडा. विंडोज ११ मध्ये वरच्या तीन टिंबांवर क्लिक करून 'ऑप्शन्स', विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबच्या उजव्या टोकाला 'ऑप्शन्स'.

१५. त्यातल्या 'व्ह्यू' टॅबवर 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स' या ओळीची टिक काढा. विंडोज खात्री विचारेल, 'येस' म्हणा. आता पुष्कळ अनोळखी नावं दिसू लागतील. 'माय डॉक्युमेंट्स' नावाचा, बाणाचं चिन्ह असलेला एक फोल्डर दिसेल आणि तो उघडायला गेलात तर परवानगी नाही असं म्हणेल. तो फोल्डर नाहीच, नुसता जुना दिशादर्शक आहे. 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' नावाच्या फाइल्सही दिसतील. यातलं काहीही डिलीट करू नका.

१६. स्टार्टमध्ये सी, एम, डी ही तीन अक्षरं टाइप करून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा. साधाच उघडा. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलात तर पुढची ओढण्याची युक्ती चालत नाही.

१७. काळ्या खिडकीत इंग्रजी छोट्या लिपीत ए, टी, टी, आर, आय, बी अशी सहा अक्षरं लिहा. मग स्पेस, आडवी रेघ आणि तिला चिकटून एच. पुन्हा स्पेस, आडवी रेघ आणि तिला चिकटून एस. पुन्हा एक स्पेस. एंटर अजून दाबू नका! लपलेला फोल्डर माऊसने धरा, ओढत आणून काळ्या खिडकीत सोडा, त्याचा पूर्ण पत्ता आपोआप लिहिला जाईल. आता एंटर. काहीही उत्तर आलं नाही आणि नुसती पुढची ओळ आली, म्हणजे काम झालं. फोल्डरचा रंग गडद झालेला दिसेल. झालं की पायरी १५ मधली टिक परत लावून टाका, हे विसरायचं नाही.

सरकलाय का ते शोधा

१८. तुमच्या नावाच्या फोल्डरात असतानाच उजवीकडे वर, शोधायच्या चौकटीत क्लिक करा.

१९. हरवलेल्या फोल्डरात नक्की होती अशा एखाद्या फाइलचं नाव टाइप करा. फोल्डरचं नाव नको, फाइलचंच. फोल्डरचं नाव चुकून बदललं गेलेलं असू शकतं, आतल्या फाइलचं नाव सहसा तसंच राहतं.

माझ्या आत्याच्या लॅपटॉपवर असंच झालं होतं. पेन्शनची सगळी कागदपत्रं डॉक्युमेंट्समध्ये, आणि फोल्डरच नाही. दुरुस्तीच्या दुकानात तिला सांगितलं, व्हायरस आहे, फॉरमॅट करावं लागेल. ती रडवेली होऊन माझ्याकडे आली. आम्ही हयातीच्या दाखल्याच्या फाइलचं नाव टाकलं आणि चार मिनिटांत ती पिक्चर्सच्या आत, नातवाच्या बारशाच्या फोटोंशेजारी सापडली. अख्खा फोल्डर माऊसबरोबर घसरून तिथे जाऊन बसला होता. म्हणून कळकळीने सांगते, शोधून झाल्याशिवाय फॉरमॅटला 'हो' म्हणू नका.

२०. फाइल सापडली की तिच्यावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. वर दिसणारा पत्ता कागदावर लिहा. सापडलीच नाही तर एक्सप्लोररमध्ये पूर्ण 'धिस पीसी' निवडून पुन्हा शोधा. हा शोध हळू चालतो, वरची हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत थांबा.

२१. पत्त्यात मध्येच 'वनड्राइव्ह' हा शब्द आहे का बघा. असेल तर कोडं सुटलं. विंडोजने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरात ठेवले आहेत. फाइल्स सुरक्षित आहेत. इथे निर्णय तुमचा. मोफत खात्यात ५ जीबी जागा मिळते. तुमची कागदपत्रं त्यात सहज मावत असतील तर माझं मत, तिथेच राहू द्या, कारण लॅपटॉप बिघडला तरी ती वाचतील. तसं ठरवलंत तर थेट पायरी २९ वर जा. परत आणायचीच असतील तर खालच्या तीन गोष्टी याच क्रमाने करा.

पहिली, वनड्राइव्हमधल्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडा आणि ढगाची चिन्हं जाऊन हिरव्या खुणा येईपर्यंत वाट पाहा. ढगाचं चिन्ह असलेली फाइल फक्त इंटरनेटवर असते. दुसरी, घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक करून दातेरी चाकातून 'सेटिंग्ज', 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' इथे जा आणि त्या फोल्डरचं बटण बंद करा. तिसरी, फाइल्स वनड्राइव्हमधून कॉपी करून तुमच्या नावाच्या फोल्डरातल्या मूळ फोल्डरात पेस्ट करा. कट नको, कॉपीच. आणि वनड्राइव्हमधली प्रत लगेच पुसू नका, ती पुसली की त्या खात्याला जोडलेल्या प्रत्येक कॉम्प्युटरवरून आणि फोनवरून जाते.

मूळ जागी बसवा

२२. पत्त्यात वनड्राइव्ह नसेल आणि फोल्डर भलत्याच ठिकाणी सापडला असेल, तर त्यावर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'लोकेशन' टॅबवर जा. हा टॅबच नसेल तर तो साधा फोल्डर झालेला आहे. तो कट करून तुमच्या नावाच्या फोल्डरात पेस्ट करा आणि पायरी २९ वर जा.

२३. 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबा. शेजारच्या 'मूव्ह'ला हात लावू नका. 'मूव्ह' करताना चुकून डेस्कटॉप निवडला गेला तर डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप एकमेकांत मिसळतात, आणि ते वेगळे करताना जीव मेटाकुटीला येतो.

२४. चौकटीत आलेला पत्ता वाचा. सी, यूजर्स, तुमचं नाव आणि शेवटी फोल्डरचं नाव, असाच हवा. बरोबर असेल तरच ओके. फोल्डर नाही, नवा करू का, असं विचारलं तर 'येस'.

२५. जुन्या जागेवरच्या फाइल्स नव्या जागी हलवू का, या प्रश्नालाही 'येस' म्हणा. 'नो' म्हणालात तर फोल्डर येईल पण रिकामा, आणि तुम्ही पुन्हा घाबराल.

२६. डेस्कटॉप कोरा असेल तर रिकाम्या जागी राइट क्लिक करा, 'व्ह्यू'वर जा आणि 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'वर टिक आहे का बघा. नसेल तर लावा. फक्त 'धिस पीसी' किंवा 'रीसायकल बिन'चं चिन्ह गेलं असेल, तर 'सेटिंग्ज', 'पर्सनलायझेशन', 'थीम्स', 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज' या वाटेने जाऊन हवं त्यापुढे टिक लावा.

पुसलाच असेल तर

इथपर्यंत फोल्डर सापडला नसेल तरच पुढे या, सापडला असेल तर थेट पायरी २९ वर जा.

२७. रीसायकल बिन उघडा आणि पुसल्याच्या तारखेप्रमाणे क्रम लावा. 'ओरिजिनल लोकेशन' या रकान्यात तुमच्या नावाचा पत्ता शोधा, त्या ओळीवर राइट क्लिक करून 'रिस्टोअर' दाबा. आतल्या फाइल्स ओढून बाहेर काढू नका, 'रिस्टोअर'नेच त्या आपल्या जागी जातात. वनड्राइव्ह वापरत असाल तर ब्राउझरमधून त्याच्या संकेतस्थळावरचा रीसायकल बिनही बघा. वैयक्तिक खात्यात पुसलेली फाइल तिथे ३० दिवस राहते. आणि नुकतंच विंडोज अपग्रेड केलं असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर शोधा. त्यातल्या 'यूजर्स'मध्ये तुमचं जुनं सामान असू शकतं. तो १० दिवसांनी आपोआप जातो, म्हणून आजच कॉपी करून घ्या.

२८. तुमच्या नावाच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मधला 'प्रीव्हियस व्हर्जन्स' टॅब बघा. तारखा दिसल्या तर हवी ती निवडून 'ओपन' दाबा आणि आतून फोल्डर कॉपी करा. 'रिस्टोअर' दाबू नका, त्याने आजच्या फाइल्सवर जुन्या येऊन बसतील. टॅब रिकामा असेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये 'विंडोज फाइल रिकव्हरी' हे मोफत साधन आहे. ते कमांडवर चालतं, तेव्हा जाणकाराला शेजारी बसवा, आणि परत मिळालेल्या फाइल्स त्याच ड्राइव्हवर नव्हे, पेनड्राइव्हवर उतरवा.

२९. कॉम्प्युटर रिस्टार्ट करा आणि पायरी ६ चा कागद हातात घेऊन सहाही नावं पुन्हा तपासा. एखादा फोल्डर अजूनही नसेल तर 'न्यू', 'फोल्डर' करून तंतोतंत तेच इंग्रजी नाव द्या, स्पेलिंगमध्ये एकही अक्षर चुकवू नका, आणि आणखी एकदा रिस्टार्ट करा.

विंडोजचे स्वतःचे फोल्डर बिघडले असतील तर

प्रोग्राम उघडताना अमुक सिस्टम फाइल सापडत नाही असे संदेश येत असतील, तरच हा भाग करा, नाहीतर थेट पायरी ३४ वर जा. एक गोष्ट मात्र आधीच ऐका. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरून विंडोजचा फोल्डर कॉपी करून आणू नका, आणि हरवलेली फाइल कुठल्यातरी अनोळखी संकेतस्थळावरून उतरवू नका. पहिल्याने कॉम्प्युटर सुरूच होईनासा होतो, दुसऱ्याने व्हायरस घरात येतो.

३०. स्टार्टमध्ये सी, एम, डी टाइप करा, 'कमांड प्रॉम्प्ट'वर राइट क्लिक करा आणि या वेळी 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' निवडा. इंटरनेट चालू हवं. वीज जायच्या वेळी हे सुरू करू नका.

३१. ही कमांड लिहा: डी, आय, एस, एम. स्पेस. तिरकी रेघ आणि चिकटून ऑनलाइन. स्पेस. तिरकी रेघ आणि चिकटून क्लीनअप, आडवी रेघ, इमेज, सगळं जोडून. स्पेस. तिरकी रेघ आणि चिकटून रिस्टोअर हेल्थ, हेही जोडून. मग एंटर. तिरकी रेघ म्हणजे उजव्या शिफ्टजवळची, प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. आकडा मध्येच कितीतरी वेळ हलत नाही. खिडकी बंद करू नका, चहा करून या.

३२. ते पूर्ण झाल्यावरच एस, एफ, सी लिहा, स्पेस द्या, तिरकी रेघ आणि चिकटून स्कॅन व नाऊ हे दोन शब्द जोडून लिहा, एंटर दाबा. १०० टक्के होईपर्यंत थांबा.

३३. शेवटचं वाक्य वाचा. 'सक्सेसफुली रिपेअर्ड' दिसलं तर रिस्टार्ट करा, काम झालं. काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत असं म्हणत असेल तर रिस्टार्ट करून पायरी ३२ आणखी एकदा करा. तरीही तेच आलं तर 'सेटिंग्ज', 'सिस्टम', 'रिकव्हरी' इथे जा. नव्या विंडोज ११ मध्ये तिथे विंडोज अपडेटमधून दुरुस्ती करायचा पर्याय आहे, त्यात तुमच्या फाइल्स आणि ॲप्स दोन्ही राहतात. विंडोज १० वर 'रीसेट धिस पीसी' हीच वाट, ती 'सेटिंग्ज'मधल्या 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली सापडेल. त्यात 'कीप माय फाइल्स'च निवडा, आणि ॲप्स मात्र नव्याने टाकावी लागतील हे धरून चला.

३४. आता तो पेनड्राइव्ह लावा आणि जागेवर आलेला फोल्डर त्यावर कॉपी करून घ्या. उद्या नको, कॉम्प्युटर बंद करायच्या आधीच.